फलश्रुती नको, प्रमाण द्या



आपल्या कीर्तनाला एक जुनी शिस्त आहे. उभे राहून वाटेल ते बोलता येत नाही. सिद्धांत मांडला की त्याला संतवचनाचे प्रमाण द्यावे लागते, आणि ते भलत्या जागी दिले तर मागे उभा असलेला टाळकरीसुद्धा मान हलवतो. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मी पन्नासएक वर्षे कीर्तन केले. अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार, मुखेड, उदगीर या भागात असे म्हातारे माळकरी भेटले की अक्षरओळख जेमतेम, पण सकाळी चहाच्या वेळी हळूच विचारायचे, "महाराज, रात्री ते बोललात त्याला आधार कुठला?" आता आवाज गेला, गुडघे गेले, उभे राहणे बंद झाले. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला, आणि आज तो मी रस्त्याकडे बोट दाखवून विचारतो आहे.

रस्त्यावर माणसे मरू नयेत म्हणून पुष्कळ काही चालले आहे. फलक, शपथा, गतिरोधक, रेडियमच्या पट्ट्या, जॅकेट, दुभाजक, जप, यंत्रे. यातल्या कशाने माणूस वाचतो? याला आधार कुठला?

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५,२२४ माणसे गेली. दिवसाला ४१ हून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. किल्लारी-सास्तूरकडे हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली आणि सारा देश मदतीला धावून आला. त्या भूकंपापेक्षा जास्त माणसे आज या राज्यात दर वर्षी रस्त्यावर जातात, आणि कोणी धावत येत नाही, कारण ती एकेक करून, वेगवेगळ्या पाटीवर, वेगवेगळ्या फाट्यावर जातात.

त्यात आपलीही असतात. १९ नोव्हेंबर २०१९ ला नामदेवरायांची दिंडी पंढरपुराहून आळंदीकडे निघाली असता दिवे घाटात ब्रेक निकामी झालेला जेसीबी दिंडीत घुसला. नामदेवरायांच्या वंशातले सोपान महाराज नामदास गेले, आणखी एक तरुण वारकरी गेला, पुष्कळ जण जखमी झाले. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीला चालली होती. मागून मोटार आली. सात वारकरी गेले. या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत, पुढे त्यांचे काम आहे.

आधी आपल्याच मंडळींचा एक आक्षेप घेतो, कारण तो प्रत्येक अपघातानंतर ऐकू येतो. "ज्याची वेळ भरली तो जातो. वारीत मरण आले, सोने झाले." माउली, हे वाक्य बोलणारा नेहमी जिवंत असतो, आणि मेलेल्याच्या अंगणात बसून, त्याच्या बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलतो. प्रारब्धाचा सिद्धांत मला कोणी शिकवू नये, त्यावर मी रात्रीच्या रात्री निरूपण केले आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग आपल्या आचार्यांनी पाडले ते कशासाठी? जे हातात आहे ते क्रियमाण. बाण सुटला तो प्रारब्ध, भात्यात राहिला तो तुमच्या हातात. ट्रकचालकाने गाडी काढायच्या आधी ब्रेक पाहावा की नाही, हे प्रारब्धात कसे बसते? वारीत जुलाब लागले तर तुम्ही मिठा-साखरेचे पाणी देता ना? तिथे वेळ भरली म्हणत नाही. मग डांबरावर आल्यावरच एवढे वेदान्ती कसे होता?

दुसरे टोक याच्या उलट. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, २५ माणसे जळून गेली. त्याच महिन्यात त्या जागी महामृत्युंजय मंत्राचा सामूहिक जप झाला, यंत्र बसवले गेले आणि या टापूत आता अपघात होणार नाही असे सांगितले गेले, असे वर्तमानपत्रांत आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. गुन्ह्याचे काय ते न्यायालय पाहील. गेलेल्यांसाठी कोणी जप केला तर मी त्याच्या शेजारी बसून माळ ओढीन. पण "आता इथे अपघात होणार नाही" हे वाक्य उच्चारले की जप संपला आणि दावा सुरू झाला. दावा आला की प्रमाण आले. नवससायास आणि अंगारेधुपारे यांवर आपल्या संतांनी किती कोरडे ओढले आहेत ते मी सांगायला नको, गाथा घरात आहे.

इथपर्यंत वाचून शहरातला शिकलेला वाचक खूश झाला असेल. त्याने जरा थांबावे. यंत्राला हसणे सोपे आहे. सरकारी फलकाला तोच प्रश्न विचारायचे धाडस होते का?

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह व्हायचा, आता महिना होतो. सप्ताह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? सात दिवस, अहोरात्र, वीणा खाली ठेवायचा नाही, पहाऱ्याला माणूस रात्री तीन वाजताही उभा. यांच्या सप्ताहात सकाळी दहाला फीत कापतात, शाळेची पोरे उन्हात उभी करून शपथ देतात, चार दुचाकीस्वारांना गुलाबाचे फूल देतात आणि दुपारी जेवायला जातात. अशा एका कार्यक्रमाला मला दोन शब्द बोलायला नेले होते. गाव आणि खाते सांगत नाही. रस्त्याकडेला मोठा फलक लावला होता, त्याचे अनावरण होते. मी व्यासपीठावर शेजारी बसलेल्या साहेबांना विचारले, "या जागी मागच्या तीन वर्षांत माणसे किती गेली?" त्यांनी शेजारच्याला विचारले, त्याने त्याच्या शेजारच्याला. प्रश्न खुर्च्यांच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून खाली उतरला. आकडा कोणाजवळच नव्हता. मग पुढच्या तीन वर्षांनी हा फलक लागू पडला की नाही हे कोण सांगणार? दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मात्र होते की या उपक्रमामुळे अपघातांना आळा बसेल.

माउली, "आळा बसेल" हे काय आहे ते तुम्हा-आम्हाला पक्के माहीत आहे. ही फलश्रुती आहे. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी असते. वाचणाऱ्याला पुत्र मिळेल, धन मिळेल, राजदरबारी मान मिळेल. मीमांसक त्याला अर्थवाद म्हणतात. माणूस कर्माला प्रवृत्त व्हावा म्हणून केलेली ती स्तुती, तिला अक्षरशः धरायचे नसते. पोथीच्या फलश्रुतीने कोणाचे नुकसान होत नाही. रस्त्याच्या फलश्रुतीने माणूस मरतो, कारण ती वाचून सगळ्यांना वाटते की काम झाले.

आता खरा अवघड भाग. समजा आकडा मिळाला. फलक लावण्याआधीच्या वर्षी सहा गेले, नंतरच्या वर्षी दोन. साहेब म्हणणार, बघा, चार जीव वाचले. वाचले का?

जुन्या पाठशाळेत पोरांना आधी काकतालीय न्याय शिकवत. कावळा ताडावर बसला आणि फळ पडले. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात. मागून घडले म्हणजे त्यामुळे घडले असे होत नाही. रस्त्याच्या बाबतीत तर हा कावळा फारच लबाड आहे. का, ते पाहा. उपाय कधी होतो? एखाद्या साली एका जागी फार माणसे गेली, गावाने रास्ता रोको केला, आमदार आले, की होतो. सरकारी व्याख्येत ब्लॅक स्पॉट म्हणजे सुमारे ५०० मीटरचा असा तुकडा की जिथे ३ वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० माणसे गेली. म्हणजे जागा निवडतानाच आपण वाईट साले निवडतो. एखाद्या वळणावर समजा एका साली दोन गेले, पुढच्या साली एक, मग सहा. सहा गेले म्हणून तिथे उपाय झाला. पुढच्या साली दोन गेले. अहो, ते वळण मुळातच साधारण दोनाचे होते! सहाचे साल हे त्याच्या तापाचे साल होते. ताप चढला की माणूस अंगारा आणतो, डॉक्टर आणतो, मांत्रिकही आणतो. चढलेला ताप पुष्कळदा आपल्या गतीने उतरतो, आणि शेवटी जो दारात उभा असेल तो श्रेय घेऊन जातो. यंत्रवाल्याला आणि फलकवाल्याला नेमका याच ठिकाणी एकसारखा लाभ होतो. दोघेही ताप चढल्यावर आलेले असतात.

स्वीडन नावाचा युरोपातला देश आहे. तिथे ३ सप्टेंबर १९६७ ला एका दिवसात सगळी वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला नेली. लोकांना वाटले हाहाकार होईल. झाले उलटे, अपघात कमी झाले, कारण जो तो जपून चालवू लागला. दोनएक वर्षांत सवय झाली आणि आकडे होते तिथे परत आले. आपल्या चौपदरी रस्त्यावर नवे पट्टे मारले, नवे दिवे लावले की पहिले सहा महिने असेच जातात. सहा महिन्यांच्या आकड्यावर सत्कार घेऊ नये.

मग ओळखायचे कसे? त्यालाही आपल्याच शास्त्रात शब्द आहे, अन्वय-व्यतिरेक. जिथे कारण आहे तिथे कार्य आहे, हा अन्वय. जिथे कारण नाही तिथे कार्य नाही, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू दाखवल्याशिवाय न्यायशास्त्र कारण मान्य करत नाही. उपाय केला आणि मृत्यू घटले, ही अर्धीच गोष्ट झाली. त्याच काळात, तशाच रस्त्यावर, उपाय न करता काय झाले ते दाखवा.

एक उदाहरण घ्या, चांगलेच घ्या, म्हणजे मी नुसता नाट लावतो असे होणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०१६ साली १५१ माणसे गेली. तिथे एका संस्थेने रस्ते महामंडळ, महामार्ग पोलीस आणि काही उद्योगांना बरोबर घेऊन मृत्यू शून्यावर आणायचे काम हाती घेतले. फलकांवर भागवले नाही. कठडे बसवले, धोक्याच्या जागा शोधून त्या दुरुस्त केल्या, उभी राहणारी वाहने हटवली, वेगावर पाळत ठेवली, जखमीला लवकर उचलायची सोय केली. २०१७ ला १०५, २०१८ ला ११०, २०१९ ला ९२. मधे एकदा आकडा वर गेला हेही पाहून ठेवा, खरा हिशोब असाच वरखाली होत उतरतो. हा झाला अन्वय. व्यतिरेक कुठे? तो राज्याच्या आकड्यात. २०१६ ला साऱ्या महाराष्ट्रात १२,९३५ गेले होते, २०१९ ला १२,७८८. म्हणजे राज्य जवळपास जागच्या जागी, आणि तो एक रस्ता शंभरात एकोणचाळीसने खाली. ताप आपोआप उतरला असता तर सगळीकडेच थोडाफार उतरला असता. इथे काहीतरी लागू पडले असे म्हणायला आधार आहे.

पुढच्या वर्षी, २०२० ला, त्याच रस्त्यावर ६६ गेले. याचे श्रेय मात्र कोणाला देऊ नका. त्या साली टाळेबंदी होती, पालख्या एसटीने पंढरीला गेल्या, रस्ते ओस होते. राज्याचा आकडाही ११,५६९ वर आला होता. गाड्या परत धावू लागल्या आणि २०२१ ला द्रुतगतीवर ८८ आणि राज्यात १३,५२८. एखादा पुढारी २०२० चा आकडा दाखवून छाती काढू लागला तर त्याला म्हणावे, त्या साली घरात बसलो होतो.

हेल्मेटचेही असेच नीट पाहू. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार गेले, असे सरकारी अहवाल सांगतो, आणि फलकांवर तोच आकडा येतो. पण नुसत्या त्या आकड्याने काय सिद्ध होते? आपल्याकडे मेलेल्यांत बिनहेल्मेटचे जास्त, तसे जिवंतांतही बिनहेल्मेटचेच जास्त. लोह्याच्या बाजारात उभे राहून मोजा. हेल्मेटला खरे प्रमाण वेगळे आहे. अपघातात सापडलेल्या हेल्मेटवाल्यांची आणि बिनहेल्मेटवाल्यांची तुलना देशोदेशी केली गेली, आणि ती सगळी एकत्र करून पाहिली तेव्हा हेल्मेटने मरणाचा धोका शंभरात बेचाळीसने आणि डोक्याच्या दुखापतीचा शंभरात एकोणसत्तरने कमी होतो असे निघाले. हे अन्वय-व्यतिरेकाने आलेले ज्ञान आहे, म्हणून मी ते मान्य करतो आणि तुम्हीही करा. फेटा बांधून मोटारसायकलवर कीर्तनाला जाणाऱ्या तरुण महाराजांना माझे सांगणे आहे की फेटा पिशवीत ठेवावा, तो गावात पोहोचल्यावर बांधता येतो. वेगाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग शंभरात एकने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका शंभरात चारने वाढतो. ज्याला असे प्रमाण आहे, त्यासाठी पुन्हा दहा वर्षे मोजत बसायची गरज नाही, ते उद्यापासून करावे. ज्याला नाही, त्याच्याकडून मागावे.

इथे एक वाक्य हमखास मधे येते. "महाराज, एक जीव वाचला तरी पुरे, हिशोब कशाला?" वाक्य गोड आहे, टाळ्या घेते. मला त्याचा राग येतो. हिशोब टाळायला याच्याइतके पवित्र पांघरूण दुसरे नाही. पैसा मोजका, माणसे मोजकी. शंभर फलकांत तो गेला तर तिथल्या भुयारी मार्गातले पावसाचे पाणी काढायला राहत नाही, आणि भुयारात पाणी असले की बाया-पोरे वर येऊन भरधाव रस्ता ओलांडतात. फलकाने एक वाचवला असेल, पण त्या पैशाने पाच वाचले असते तर? ते चार कोणाच्या खात्यावर मांडायचे?

आणि जीव वाचला की नुसता पुढे सरकला, हेही पाहावे लागते. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग घ्या. गावे त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, शेत इकडे आणि घर तिकडे. गावापुढचा कट बंद करून दुभाजक सलग केला की त्या जागेवरचे अपघात कागदावर संपतात. पण शेतकरी कडब्याची गाडी घेऊन दोन किलोमीटर वळसा घालत नाही. तो उलट्या बाजूने पुढच्या कटापर्यंत जातो. किंवा रात्रीतून दुभाजक फोडतात. मग पुढच्या कटावर माणूस मरतो आणि मागच्या कटाचा अहवाल चांगला येतो. गतिरोधकाचेही तेच. जिथे पोर गेले तिथे गाव रातोरात गतिरोधक घालते, आईबापांचे दुःख मला कळते. पण पांढरे पट्टे नाहीत, दिवा नाही, आणि मागे एका बाजूला बसलेली लुगड्यातली म्हातारी त्याच गतिरोधकावर उडून पडते. त्या म्हातारीचे मरण गतिरोधकाच्या खर्चाच्या बाजूला मांडले जात नाही. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात जातात, कारखान्यांवर रेडियमच्या पट्ट्या वाटल्याचे फोटो येतात. वाटल्या किती हे छापतात. महिन्याभराने चिखलाखाली किती उरल्या, हे एखाद्या रात्री रस्त्याकडेला उभे राहून मोजणारा मला अजून भेटला नाही.

आता आपल्या दिंड्यांकडे येतो, कारण दुसऱ्याचे माप काढून स्वतःचे झाकायचे नाही.

दिवे घाट आणि जुनोनी मी शेजारी ठेवले होते. जुनोनीला संध्याकाळ होती, मोटार मागून आली. तिथे पाठीवर चमकती पट्टी, दिंडीच्या मागे दिवा लुकलुकणारी गाडी, समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने चालणे, यांचा उपयोग होण्यासारखा होता. दिवे घाटात सकाळची उजेडाची वेळ होती आणि यंत्राचा ब्रेक गेला होता. तिथे सगळ्यांच्या अंगात जॅकेट असते तरी काय? चालकाला दिंडी दिसत नव्हती असे नाही, गाडी थांबत नव्हती. तिथला उपाय एकच, दिंडी घाटात असेल तेवढा वेळ अवजड वाहन घाटात सोडू नये. आणि याला व्यतिरेक त्याच घाटात आहे! आषाढीला माउलींची पालखी लाखो माणसांनिशी तो घाट चढते, तेव्हा घाट वाहनांना बंद असतो, अंगावर यंत्र येण्याचा प्रश्नच उरत नाही. कार्तिकीच्या चारशे माणसांच्या दिंडीला घाट उघडा. मग उपाय माहीत नाही असे कसे म्हणता? माहीत आहे, मोठ्यांना मिळतो, लहानांना मिळत नाही. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंढरपुरात ज्यांचा शिलान्यास झाला त्या दोन पालखी मार्गांना कडेने पायी चालणाऱ्यांची वेगळी वाट आहे, फार चांगले. पण आपण त्या वाटेने जात नाही. आपल्या दिंड्या मुरूड-येडशी-बार्शी-कुर्डुवाडीच्या अंगाने जातात. आमच्या वडिलांच्या पिढीला बार्शी लाइटची छोटी गाडी तरी होती, लातुरात बसले की पंढरपूर. आता आपण आणि मालट्रक, दोघांत एक डांबर.

२०२३ साली सरकारने वारकऱ्यांसाठी विमा छत्र योजना आणली, वारीत मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख. घ्यावेत, त्या घराला ते लागतात. पण कृपा करून त्याला सुरक्षा म्हणू नका. विमा मरणानंतरचा आहे. २०२४ च्या आषाढीला दिंडीमागे २०,००० रुपये जाहीर झाले होते. ज्यांना ते मिळाले त्यांनी मंडप घेतला की मागची दिव्याची गाडी, हे त्यांनीच आपल्या वहीत पाहावे.

आणि वहीवरूनच माझे भांडण आहे. दिंडीत भिशी लिहितो, शिधा लिहितो, कोणत्या गावी कोणी पंगत दिली ते पन्नास वर्षांचे सांगता येते. रस्त्याचे एक अक्षर लिहीत नाही. जॅकेट वाटले, यंदा कोणी गेले नाही, "जॅकेट लागू पडले" म्हणून मोकळे. माउली, दोनशे माणसांच्या दिंडीत दहा वर्षांत एखादा अपघात होतो. नऊ वर्षे तर अंगारा लावूनही कोणी जात नाही! एका दिंडीच्या मरणांवरून काहीच ठरवता येत नाही, देव करो आणि ती इतकी कधी न होवोत. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतील. एक, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिव या सगळ्या भागांतल्या दिंड्यांनी आपले लिहिलेले एकत्र करावे. दुसरी, गेलेल्यांबरोबर वाचलेल्यांनाही लिहावे. "थोडक्यात वाचलो" हे आपण दर मुक्कामी बोलतो आणि चहाबरोबर विसरतो. आरसा खांद्याला घासून गेला, ट्रक इतका जवळून गेला की पताका फाटली, दिंडी दोन ठिकाणी तुटली आणि मधून मोटारसायकल गेली, हे सगळे लिहा. जागा लिहा, वेळ लिहा, उजेड होता की अंधार, गाडी पुढून की मागून, दिव्याची गाडी मागे होती की शिध्यासाठी पुढे गेली होती. कोणी पडलेच तर १०८ ला किती वाजता फोन केला आणि गाडी किती वाजता आली तेही. आणि जखमीला उचलायला घाबरू नका. २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ चा मोटार वाहन कायद्यातला बदल यांनी उचलणाऱ्याला संरक्षण दिले आहे, पोलीस त्याला नाव सांगायची सक्तीही करू शकत नाहीत.

पहिल्या वर्षी निम्म्या दिंड्यांनी मागची दिव्याची गाडी ठेवावी, निम्म्या तशाही ठेवणारच नाहीत, मला आपली मंडळी माहीत आहेत. दोघांच्या वह्या शेजारी मांडल्या की तोच अन्वय आणि तोच व्यतिरेक. पहाटे तीनला निघणाऱ्यांची वही आणि उजाडल्यावर निघणाऱ्यांची वही तशीच मांडावी. यात कदाचित असे निघेल की जॅकेटने फार फरक पडत नाही आणि निघण्याची वेळ बदलल्याने पडतो. तसे निघाले तर काकड्याची वेळ धरून बसलेल्या आमच्या जुन्या चोपदारांना राग येईल. येऊ द्या.

सरकारजवळही आता सबब नाही. अपघाताची नोंद पोलीस मोबाइलवर, जागेच्या अक्षांश-रेखांशासह करतात, ती देशव्यापी पद्धत २०२१ पासून आली आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. जिल्हाधिकाऱ्यांकडे रस्ता सुरक्षा समिती असते. तिला विचारा की अमुक पाटीवर उपाय कधी केला, त्याआधी तीन वर्षे किती गेले, नंतर तीन वर्षे किती, आणि तशाच दुसऱ्या पाटीवर, जिथे काही केले नाही, तिथे किती. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये लागतात.

कार्तिकीला प्रकृतीने साथ दिली तर मी पंढरपुरात असेन, वाळवंटात नाही जमले तर मठात. लातूर-नांदेडकडचे दिंडीचालक भेटायला येतात, नारळ-प्रसाद आणतात. यंदा नारळ नको. चालताना लिहिलेली वही आणा, मग ती शाळेच्या पोराची चौकटीची असली तरी चालेल, आणि तिच्यात पहिल्या पानावर मागची गाडी कुठल्या दिवशी नव्हती ते लिहिलेले असू द्या.